अर्क औषध असेल, तर तो औषधासारखाच तपासा

प्रति,
मा. सचिव, आयुष मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: मधुमेह आणि कॅन्सर बरा करण्याचे दावे करून विकले जाणारे वनस्पतींचे अर्क, त्यांच्या जाहिराती आणि तपासणी

महोदय/महोदया,

स. न. वि. वि.

हे पत्र उघड लिहिते आहे, कारण त्यातला मजकूर जितका तुमच्यासाठी आहे तितकाच रोज सकाळी अनशापोटी कसला ना कसला काढा घेणाऱ्यांसाठीही आहे.

१ जुलै २०२४ रोजी आयुष मंत्रालयाने औषध नियमावलीतला नियम १७० वगळला. ज्यांना हा आकडा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या या नियमानुसार आयुर्वेद, सिद्ध किंवा युनानी औषध बनवणाऱ्याला जाहिरात करण्याआधी ती राज्याच्या परवाना अधिकाऱ्याला दाखवावी लागे. अधिकाऱ्याने क्रमांक दिला तरच ती छापता किंवा दाखवता येई. हा नियम फार जोरात राबवला जात होता अशातला भाग नाही, पण निदान होता. २९ ऑगस्ट २०२३ ला मंत्रालयानेच राज्यांना कळवलं की या नियमाखाली कारवाई करू नका. सर्वोच्च न्यायालयाने त्यावरून कान उपटले, तरी पुढच्या वर्षी नियमच काढून टाकला गेला. न्यायालयाने २७ ऑगस्ट २०२४ ला त्याला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये ते प्रकरण बंद झालं, स्थगितीही गेली, आणि आता जाहिरात येण्याआधी विचारणारं कुणी उरलं नाही.

हा निर्णय मला गप्प बसून मान्य करता येत नाही. का, ते सांगते.

औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात मी फार्माकॉग्नोसी शिकवली. झाडपाल्यातलं औषध ओळखायचं कसं, काढायचं कसं आणि भेसळ पकडायची कशी, हा तो विषय. निवृत्त झाले तरी खोड गेलेली नाही. वाण्याकडे ओवा घेतानाही तो चुरडून, हुंगून घेते. दर वर्षी नव्या वर्गाला बेडकीच्या पाल्याचं, म्हणजे गुडमारचं, एकेक पान चावायला द्यायचे आणि मग चमचाभर साखर. साखर तोंडात वाळूसारखी लागायची. मुलं चकित व्हायची, हसायची, पुन्हा साखर मागायची. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरच्या गोड चव टिपणाऱ्या जागा अडवतात, म्हणून असं होतं. अर्ध्या तासात चव परत येते. त्यानंतर मी फळ्यावर एकच प्रश्न लिहायचे: जिभेवरची साखर गेली, म्हणून रक्तातली जाईल का? आणि ते सिद्ध करायला काय काय करावं लागेल? उरलेलं वर्ष त्या प्रश्नावर जायचं.

तेव्हा झाडपाल्याला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. ज्यांना आयुर्वेदाची टिंगल करायची आहे त्यांनी आपलं वेगळं पत्र लिहावं. माझा राग उलट बाजूने येतो. वनस्पतींत खरोखर औषध असतं, हे मला माहीत आहे, म्हणूनच ते बाजारात ज्या पद्धतीने विकलं जातं त्याची चीड येते.

आता सदाफुलीचंच घ्या. आपल्याकडे कुंपणाला, देवळाच्या आवारात, बाल्कनीतल्या डब्यात कुठेही उगवणारं झाड. 'रोज चार पानं चावा, शुगर कंट्रोलमध्ये' हा निरोप तुमच्याही फोनवर आला असेल. हाच निरोप १९५२ साली वेगळ्या रूपात कॅनडात पोचला होता. जमैकात मधुमेहावर या झाडाच्या पानांचा चहा पीत. तिथून पंचवीस पानं डॉक्टर क्लार्क नोबल यांच्याकडे आली आणि त्यांनी ती संशोधक भावाला, रॉबर्ट नोबल यांना पाठवली. रॉबर्ट यांनी पानांचा अर्क उंदरांना तोंडावाटे दिला. साखर हलली नाही. इंजेक्शनने दिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मेले. कारण शोधलं तेव्हा कळलं, की अर्काने पांढऱ्या पेशी खाली आणल्या होत्या, अस्थिमज्जेचं काम दाबलं होतं. मग चार्ल्स बीअर या रसायनशास्त्रज्ञाने नोबल यांच्यासोबत त्यातलं मूळ द्रव्य वेगळं केलं, आणि १९५८ मध्ये विनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध जगासमोर आलं. त्याचंच भावंड विनक्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवरच्या उपचारात ते आजही लागतं, मुंबईतल्या वॉर्डांतही रोज दिलं जातं.

म्हणजे मधुमेहाचं म्हणून आलेलं पान मधुमेहाला उपयोगी पडलं नाही आणि कॅन्सरला पडलं. तेही पान म्हणून नव्हे. एक ग्रॅम द्रव्यासाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, आणि ते द्रव्य डॉक्टर शिरेतून, मोजून, रक्ताचे रिपोर्ट बघत देतात, कारण जरा जास्त झालं तर नसा बधिर होतात आणि पांढऱ्या पेशी कोसळतात. या झाडाची पानं कुणीही, कितीही, न मोजता रोज चावतं, याची काळजी एका तरी सरकारी फलकावर तुम्ही कधी लिहिली आहे का?

दुसरी गोष्ट आपल्या मातीतली. मनसुख वाणी हे नंदुरबारचे, जन्म १९२५चा. मुंबईत शिकले, मग अमेरिकेत गेले आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर आयुष्यभर झाडांच्या साली उकलत बसले. १९६६ मध्ये त्यांच्या गटाने एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं, १९७१ मध्ये पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉलची रचना उलगडली. दोन्ही कॅन्सरच्या पेशी मारणारी द्रव्यं. यूची साल वनस्पतिशास्त्रज्ञाने गोळा केली होती १९६२ मध्ये. टॅक्सॉलला अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी परवानगी मिळाली १९९२ मध्ये. कॅम्प्टोथेसिनची कथा तर आणखी शिकवणारी आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला म्हणून थांबवल्या गेल्या. द्रव्याची रचना थोडी बदलून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कॅन्सरची औषधं तयार झाली, ती १९९६ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आली. सालीपासून सलाईनपर्यंत तीस वर्षं. त्या तीस वर्षांत विषारीपणा तपासला गेला, डोस ठरला, निम्म्या कल्पना फेकून दिल्या गेल्या. आमच्या बाजारातला माणूस हीच तीस वर्षं गाळतो. झाडाचं नाव ठेवतो, 'संशोधनाने सिद्ध' हे शब्द ठेवतो आणि मधलं सगळं सोडून देतो.

आता तक्रारी.

पहिली तक्रार जाहिरातींची, आणि ती मुख्यतः मंत्रालयाकडे आहे. १९५४ चा औषधे व जादुई उपचार कायदा अजून जिवंत आहे. त्याच्या यादीत चोपन्न आजार आहेत. मधुमेह त्यात आहे, कॅन्सरही आहे. या आजारांवर इलाज करतो अशी जाहिरात करणं हाच गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा काढला होता. आजारांची यादी अठ्ठ्याहत्तरवर न्यायची, शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड दहा लाखांपर्यंत वाढवायचा. तो मसुदा मसुदाच राहिला. कायदा जाहिरात आल्यानंतर धावतो, नियम १७० ती येण्याआधी अडवत होता. हा फरक लहान नाही. आजची जाहिरात म्हणजे तीस सेकंदांचा व्हिडिओ. त्यात दाढीवाला माणूस 'इन्सुलिन सुटलं' म्हणतो, खाली फोन नंबर असतो, आठवड्याने पान गायब होतं आणि दुसऱ्या नावाने उगवतं. मागून धावणाऱ्या कायद्याने हे कसं पकडणार? मंत्रालयाचं म्हणणं काय, तर कायदा आहे म्हणून नियम नको. मी म्हणते, कायदा सत्तर वर्षं असूनही हे चाललंय, म्हणूनच नियम हवा होता.

दुसरी तक्रार डबीवरच्या नंबराची. आयुर्वेदिक औषधाचा परवाना काढायचा नसेल तर सोपी पळवाट आहे: तेच चूर्ण 'आहारपूरक' म्हणून विका. डबीवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक छापला की काम झालं. डबीवर आजाराचं नाव नसतं; ते विक्रेता फोनवर सांगतो. खरं तर खाद्यपदार्थाने आजार बरा करण्याचा दावा करायला त्या प्राधिकरणाच्याही २०१८ च्या नियमांत बंदी आहे. इतर राज्यांत अन्नाचं खातं एकीकडे, औषधाचं दुसरीकडे असेल तर एकमेकांकडे बोट दाखवता येतं. महाराष्ट्रात दोन्ही एकाच कचेरीत आहेत. पाटीवरच 'अन्न व औषध' लिहिलेलं आहे. मग एकाच डबीची दोन तोंडं या कचेरीला दिसू नयेत?

तिसऱ्या तक्रारीसाठी आमच्या शेजारच्या काकूंची हकिगत सांगावी लागेल. काकूंना बरीच वर्षं शुगर आहे. गोळ्यांचा कंटाळा, 'किडनी खराब होते' ही भीती, आणि त्यातच कुरिअरने येणारं एक कडू चूर्ण. नाव सांगत नाही, कारण ते आता दुसऱ्या नावाने विकलं जातं. काकूंनी गोळ्या सोडल्या. साखर खरंच उतरली, आणि काकूंचा विश्वास बसला. मलाही म्हणाल्या, 'बाई, तुमचं ते कॉलेजातलं राहू द्या, हे बघा रिपोर्ट.' मग एका पहाटे मुलगा धावत आला. आई घामाने निथळतेय, जीभ अडखळतेय, मला ओळखत नाहीये. ग्लुकोमीटरवर ४२. साखरेचं पाणी ओठांशी धरलं, दवाखान्यात नेलं, वाचल्या.

झाडपाल्याने साखर इतकी खाली जाणं मला पटेना. चिमूटभर चूर्ण जुन्या महाविद्यालयात नेलं. तिथल्या सहकारी मुलीने ते मिथेनॉलमध्ये हलवलं, गाळलं आणि सिलिकाच्या पातळ थराच्या काचपट्टीवर एका बाजूला चूर्णाचा ठिपका, शेजारी ग्लिबेनक्लामाइड या मधुमेहाच्या जुन्या औषधाच्या शुद्ध नमुन्याचा ठिपका लावला. द्रावण वर चढलं, पट्टी वाळवली, २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरली. हिरवट चमकणाऱ्या पट्टीवर दोन काळे डाग, एकाच उंचीवर, शेजारीशेजारी. खात्रीसाठी एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं यंत्रावर वेगळी करून ओळखायची तपासणी, केली, तीच गोष्ट. ज्या 'अ‍ॅलोपॅथीच्या गोळी'ला काकू घाबरत होत्या तीच जुनी गोळी त्या चूर्णात कुटलेली होती, किती ते न सांगता. वय झालेल्या माणसाला डॉक्टर हल्ली ही गोळी द्यायला कचरतात, कारण तिच्याने साखर फार खाली जाते आणि बराच वेळ खालीच राहते. विक्रेत्याच्या नंबरावर फोन लावला, तर 'हा क्रमांक अस्तित्वात नाही'.

आयुर्वेदिक चूर्णात आधुनिक औषध मिसळणं ही जगभर नोंदलेली भेसळ आहे. मधुमेहाच्या पुडीत ग्लिबेनक्लामाइड किंवा मेटफॉर्मिन, सांधेदुखीच्या पुडीत स्टेरॉइड. ती पकडायला फार मोठी यंत्रं लागत नाहीत. वर सांगितलेली पट्टी पदवीच्या मुलांनाही बनवता येते. राज्याच्या प्रयोगशाळा हे रोज करू शकतात. किती नमुने घेतले, किती पकडले, कुठल्या बॅचमध्ये काय सापडलं, हे सामान्य माणसाला वाचता येईल अशा भाषेत, अशा जागी कधी लागतं का?

चौथी तक्रार गुळवेलीची, आणि इथे मला मंत्रालयाशी थोडं भांडायचं आहे. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली: गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा. पुढच्या वर्षी देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. मंत्रालयाने तातडीने उत्तर दिलं, की ती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असेल. डॉक्टरांनी आधी वनस्पती ओळखायला हवी होती.

असेल. माझा हा विषयच आहे, या दोन वेली कापलेल्या, वाळलेल्या अवस्थेत एकीच्या जागी दुसरी खपते हे मी नाकारणार नाही. पण मग प्रश्न डॉक्टरांना का विचारता? खोडाचे तुकडे बाजारात आणणाऱ्याला, त्यांचं चूर्ण डबीत भरणाऱ्याला आणि त्याला परवाना देणाऱ्याला विचारा. आयुर्वेदिक फार्माकोपिआत, म्हणजे औषधांच्या अधिकृत प्रमाणग्रंथात, त्यातल्या प्रत्येक द्रव्याच्या ओळखीच्या कसोट्या छापलेल्या आहेत, सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसायला हवं तेही लिहिलेलं आहे. चुकीची वेल रुग्णापर्यंत पोचली असेल, तर तो तुमच्या तपासणीचा दोष झाला. 'आमची वनस्पती निर्दोष आहे' एवढ्यावर थांबणं हे वकिलाचं काम, मंत्रालयाचं नाही.

पाचवी तक्रार कॅन्सरची. इथे हात आखडता घेऊन चालणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका माजी क्रिकेटपटूने जाहीरपणे सांगितलं, की पत्नीचा चौथ्या अवस्थेतला कॅन्सर कडुनिंब, हळद, लिंबूपाण्याने गेला. बाईंचे शस्त्रक्रिया-केमोथेरपीचे उपचारही झाले होते, पण व्हिडिओ हळदीचा फिरला. टाटा मेमोरिअलच्या आजी-माजी २६२ डॉक्टरांना पत्रक काढून सांगावं लागलं की असल्या दाव्यांना पुरावा नाही, उपचार थांबवू नका. हे पत्रक डॉक्टरांनी काढलं. आयुष मंत्रालयाने त्याहून मोठ्या आवाजात काढायला हवं होतं, कारण हळद आणि कडुनिंब ही तुमच्या खात्याची माणसं!

लक्ष्मणफळाचं तसंच. 'केमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी' हे वाक्य मी पुणे-सांगलीच्या शेतकी प्रदर्शनांत रोपांच्या स्टॉलवर लावलेलं पाहिलं आहे. बशीतल्या पेशी लक्ष्मणफळाच्या अर्काने मरतात हे खरं. बशीतल्या पेशी पुरेशा मिठाच्या पाण्यानेही मरतात. आणि कॅरिबियन बेटांवर, ग्वाडेलूपमध्ये, याच फळाचा आणि पानांच्या चहाचा संबंध पार्किन्सनसारख्या विकाराशी असल्याचं १९९९ पासून वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेलं आहे. स्टॉलवर ते लिहिलेलं नसतं. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं, की बरा होऊ शकणाऱ्या कॅन्सरमध्ये नेहमीचे उपचार सोडून निव्वळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट होता. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाच पटींहून अधिक. गाठ हाताला लागल्यावर सहा महिने काढा घेऊन आलेली बाई आपल्याकडे कुठल्याही कॅन्सर रुग्णालयाच्या ओपीडीत बसलेली सापडते. तिला विचारा, पहिला अर्क कुणी दिला.

सहावी तक्रार अर्धवट संशोधनाची. यात आमच्या क्षेत्रालाही मी सोडत नाही. आमच्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षं एकच प्रबंध निघतो, फक्त झाडाचं नाव बदलतं: 'अमुक पानांच्या अल्कोहोली अर्काचा स्ट्रेप्टोझोटोसिनने मधुमेही केलेल्या उंदरांवरचा परिणाम'. स्ट्रेप्टोझोटोसिन इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मारतं. आपल्याकडचा बहुतेक मधुमेह त्या प्रकारचा नसतो. डोस असतो उंदराच्या वजनाच्या किलोमागे समजा ३०० मिलिग्रॅम. माणसासाठी रूढ पद्धतीने हिशोब केला तर साठ किलोच्या माणसाला रोज जवळजवळ तीन ग्रॅम घट्ट अर्क लागेल. विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये असतो पाव ग्रॅम, तोही पाच झाडांचा मिळून. पण कॅप्सूलच्या डबीवर छापलेलं असतं 'वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध'. प्रबंध करणाऱ्या मुलीला हे ठाऊकही नसतं.

सरकारी पातळीवरही फार वेगळं नाही. विजयसार, आपला बिबळा. त्याच्या लाकडाचे पेले जत्रेत मिळतात. रात्री पाणी ठेवायचं, सकाळी प्यायचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने यावर १९९८ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला: नव्याने मधुमेह झालेले ९७ रुग्ण, बारा आठवड्यांत त्यांतल्या ६७ जणांची साखर आटोक्यात. वाचून कुणालाही आनंद होईल, मलाही झाला होता. पण चाचणी खुली होती. तुलनेसाठी औषधाविनाचा गट नव्हता, आणि नव्या मधुमेहात नुसत्या पथ्यानेही साखर उतरते. अशा आशेच्या जागी सरकारने औषधाविनाच्या गटाशी तुलना करणारी मोठी, आंधळी चाचणी, म्हणजे कुणाला काय दिलं हे रुग्णाला आणि डॉक्टरला ठाऊक नसलेली, करून एकदाचा निकाल लावायला हवा होता. इतक्या वर्षांत पेल्यांची विक्री वाढली, निकाल काही लागला नाही. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या चहाची अशी शिस्तशीर चाचणी झाली, परिणाम शून्य आला, आणि त्यांनी शून्यच छापला. आपल्याकडे नकारात्मक निकाल छापायची लाज वाटते.

आणि नरक्या. सह्याद्रीतलं हे घाणेरड्या वासाचं छोटं झाड. मनसुख वाणींच्या गटाने चिनी झाडात शोधलेलं कॅम्प्टोथेसिन याच्यातही आहे, हे भारतीय शास्त्रज्ञांनी १९७२ मध्येच दाखवलं. आज या झाडाची बातमी येते ती तस्करीची: कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या जंगलात बुंध्यातून तोडलेलं, तुकडे करून पोत्यांत भरलेलं. झाड तोडलं, की द्रव्य परदेशी कारखान्याचं, औषध पुन्हा आपण विकत घेणार. जंगल वनखात्याचं आहे हे मला कळतं. पण २००० साली स्थापन झालेलं राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ आयुष मंत्रालयाच्याच हाताखाली आहे. ज्या झाडातून खरोखरच कॅन्सरचं औषध निघतं ते वाचवायला आणि शेतात वाढवायला तुमचा पैसा, तुमचं बळ किती गेलं? घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्याला नरक्याची रोपं आणि खात्रीचा खरेदीदार मिळाला असता, तर कोयत्याचं काम कमी झालं असतं.

हे सगळं थोड्या लोकांपुरतं असतं तर पत्र लिहिलं नसतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, प्रौढांतले ११.४ टक्के. गोव्यात हा आकडा २६.४ टक्के, देशात सर्वांत जास्त. इतकं मोठं गिऱ्हाईक समोर असताना बाजार आपणहून शिस्त पाळेल, असं तुम्हाला खरंच वाटतं का?

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच आजच्या कायद्यातच बसतात.

१. नियम १७० किंवा तशीच पूर्वपरवानगीची तरतूद परत आणा. २०२० चा दुरुस्तीचा मसुदा संसदेत न्या, नाहीतर तो का अडला ते सांगा.

२. १९५४ च्या कायद्याखाली महाराष्ट्रात कुणावर, कोणत्या जाहिरातीसाठी, काय कारवाई झाली, याची यादी दर तीन महिन्यांनी मराठीत प्रसिद्ध करा. फोनवरून आणि समाजमाध्यमांवरून विकणारे त्यात यायलाच हवेत.

३. आहारपूरक म्हणून विकली जाणारी मधुमेहाची चूर्णं अन्न आणि औषध या दोन्ही शाखांनी मिळून तपासा. कचेरी एकच आहे, फक्त टेबलं जवळ आणा.

४. बाजारातून आणि ऑनलाइन मागवून मधुमेहाच्या चूर्णांचे नमुने नियमित घ्या. त्यांत ग्लिबेनक्लामाइड, मेटफॉर्मिन, स्टेरॉइड, शिसं, पारा तपासा. दोषी बॅचची नावं जाहीर करा. रुग्णालाही ठराविक फी भरून आपली पुडी सरकारी प्रयोगशाळेत तपासून घेता येईल अशी सोय जिल्ह्याच्या ठिकाणी करा.

५. वनौषधींच्या दुष्परिणामांची नोंद करण्याचा फॉर्म मराठीत, एका पानाचा, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि प्रत्येक वैद्याकडे ठेवा. नोंद करणाऱ्यावर 'आयुर्वेदविरोधी' असा शिक्का मारू नका.

६. दोन-तीनच वनस्पती निवडा, विजयसारपासून सुरुवात करा, आणि मोठ्या तुलनात्मक चाचण्या पूर्ण करा. निकाल काहीही येवो, तो छापा. कॅन्सरसाठी चाचणी करायची असेल तर ती कॅन्सर रुग्णालयात, नेहमीच्या उपचाराच्या जोडीने, रुग्णाच्या लेखी संमतीने व्हावी.

७. नरक्याच्या लागवडीचा आणि संरक्षणाचा आराखडा औषधी वनस्पती मंडळाने वनखात्याबरोबर बसून तयार करावा आणि त्यावर हरकती मागवाव्यात.

चांगल्या वैद्यांना यातल्या एकाही मागणीचा त्रास होणार नाही, याची मला खात्री आहे. माझ्या ओळखीचे वैद्य चालू गोळी परस्पर बंद करू देत नाहीत, साखर मोजायला लावतात, गाठ दिसली की आधी सुईची तपासणी करून या म्हणतात. त्यांची पुडी आणि कुरिअरची पुडी गिऱ्हाइकाला सारखीच दिसते, हे त्यांचंही नुकसान आहे.

उत्तर द्यायचं झालं तर तेही खुलंच द्यावं, मराठीत द्यावं आणि मागण्यांच्या क्रमांकांप्रमाणे द्यावं, म्हणजे कोणत्या मागणीला उत्तर आलं आणि कोणती सुटली ते वाचणाऱ्यालाही कळेल.

कळावे.

आपली,
वनौषधी शिकवणारी एक निवृत्त प्राध्यापिका
सांगली जिल्हा